रक्ताची परतीची वाट

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या घरात काहीही दुखलं तरी पहिला संशय नंबरावर जायचा. डोकं दुखलं, नंबर. चक्कर आली, नंबर. लग्नाआधीच नवरा तिला म्हणाला होता, "आमच्याकडे पोट बिघडलं तरी आधी अक्षरं वाचायला लावतात, मग औषध देतात." तेव्हा ती पोट धरून हसली होती. आता बाळ सतरा दिवसांचं झालं होतं, तिचं डोकं अकरा दिवस दुखत होतं आणि नाकावर कोरा करकरीत चष्मा होता.

नंबर सासऱ्यांनी काढला होता. पाव वाढलेला. भिंगं नवऱ्यानं जेवण बाजूला सारून स्वतः घासली आणि फ्रेममध्ये बसवून वर आणून दिली. "जगात असं भिंग दुसरं नाही," तो म्हणाला. त्याला चार दिवस झाले. जगात दुसरं नसलेल्या त्या भिंगातूनही कपाटाच्या कडा तिला ओल्या कागदावर शाई फुटावी तशा दिसत होत्या.

पण कपाटाकडे बघायला वेळ कुणाला होता? ती बघत होती ढब्बूकडे. मुलीचं खरं नाव अजून ठरायचं होतं, तोवर गालांवरून आजीनं ढब्बू ठेवलं होतं. ती स्वतः कॉलेजात सांख्यिकी शिकलेली, त्यामुळे मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ढब्बू झोपली की ती तिच्या छातीकडे टक लावून श्वास मोजायची. बेचाळीस. चव्वेचाळीस. मध्येच पाच सेकंद काहीच नाही, की हिच्या काळजाचा ठोका चुके. मग एक लांब उसासा, आणि पुन्हा सुरू.

"मोजल्यानं वाढत नाहीत गं ते," सासूबाई म्हणायच्या. "आणि कमीही होत नाहीत. तू जरा आडवी हो बघू."

आडवी हो. दिवसातून वीस वेळा हेच. बाळंतपण पोट उघडून झालं होतं, पाठीच्या कण्यात सुई देऊन. सहाव्या दिवशी डोकं ठणकायला लागल्यावर प्रसूतिगृहात फोन केला तेव्हा तिथल्या सिस्टरनंही तेच सांगितलं. पाठीत सुई दिली की काहींचं डोकं धरतं, आडवं पडून राहा, आपोआप जाईल.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती आणि ती तिला एकटीलाच ठाऊक होती. आडवं झालं की डोकं वाढायचं. उशीला मान टेकली की आतून कुणी पंपानं हवा भरतंय असं व्हायचं. उठून बसलं की जरा उतरायचं. खोकला आला तर डोळ्यांसमोर काजवे. आणि शांत बसलं की उजव्या कानात आपलीच नाडी वाजायची. फुस्स, फुस्स, फुस्स, दूर कुणीतरी अंगण झाडत असल्यासारखी.

"आई, झोपलं की जास्त दुखतं हो," ती एकदा म्हणाली.

"झोप पुरी झाली नाही ना, म्हणून."

"पण सुईनं दुखत असतं तर झोपल्यावर कमी व्हायला हवं."

"तुझं ते कॉलेज जरा बाजूला ठेव. सगळ्या बाळंतिणींचं डोकं दुखतं. माझं तर तुझा नवरा झाला तेव्हापासून दुखतंय, अजून थांबलं नाही."

यावर हसणं भाग होतं. हसल्यावर डोकं आणखी दुखलं. सासूबाई वाईट नव्हत्या. तेरा दिवस ढब्बूचे कपडे त्याच धूत होत्या, हिला ताट हातात आणून देत होत्या. पाण्याचा तांब्याही भरून ठेवायच्या, पण तो तसाच भरलेला राही. पाणी प्यायलं की उठावं लागे, उठलं की टाके ओढत, आणि खाट कुरकुरली की ढब्बू जागी होई. म्हणून ही घोट घोट पिऊन भागवायची. आपण शहाणपणाच करतोय असं तिला वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ढब्बूला पाळण्यातून उचलायला ती वाकली. दोन्ही हात बाळाच्या पाठीखाली गेले, बाळ वर आलं, आणि जग विझलं. अंधुक नव्हे, पार काळं. एक, दोन, तीन, तिनं मोजलं. चौथ्याला खिडकी परत आली, मग पाळण्याची दांडी, मग हातातलं बाळ. ढब्बू जांभई देत होती. तिला काही कळलंच नव्हतं.

तीन सेकंदांत काय काय होऊ शकतं याचा हिशोब हिनं मात्र नको असताना करून टाकला. ती हळूच खाली बसली, बाळ मांडीत घट्ट धरलं आणि हाक मारली, "आई, हिला घ्या. मी दुकानात जातेय."

"आता? आणि जिना?"

"बसत बसत उतरते."

खरोखरच ती एकेका पायरीवर बसत उतरली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवरा आतल्या यंत्रावर होता. सासरे गल्ल्यामागे बसून कुणाच्या तरी चष्म्याची दांडी पिळत होते. सगळी पेठ त्यांना 'डोळेवाले' म्हणायची. बोलणं मोजकं. सुनेशी तर त्याहून मोजकं, चहा झाला का, बाळ झोपलं का, एवढंच. दोन वर्षांत ते तिच्यापासून कायम चार हात लांब उभे राहिले होते, अगदी आदरानं.

"बाबा, तीन सेकंद काहीच दिसलं नाही. बाळ हातात होतं."

दांडी पिळणारा हात थांबला. "बस," ते म्हणाले.

तपासणीची खुर्ची, समोर सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता. त्यांनी तिच्या नाकावर लोखंडी चाचणी-फ्रेम चढवली. लाकडी पेटीतून एकेक भिंग निघू लागलं. "आता? की आता?" हा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षांत लाखभर वेळा तरी विचारला असेल.

"सारखंच."

"आता?"

"बाबा, तक्ते दोन आहेत."

"काय?"

"दोन दिसतायत. शेजारी शेजारी."

यंत्राचा आवाज बंद झाला. नवरा दारात येऊन उभा राहिला. सासऱ्यांनी तिचा उजवा डोळा झाकला, तक्ता एक झाला. डावा झाकला, तरी एक. दोन्ही उघडले की पुन्हा दोन. मग त्यांनी पेटीच्या कोपऱ्यातून एक काळी चकती काढली, मधोमध टाचणीएवढं भोक पाडलेली, आणि ती एका डोळ्यासमोर बसवली.

"या भोकातून वाच. साफ दिसतंय?"

"नाही. आधी होतं तसंच. पुसट."

त्यांनी चकती काढून घेतली. नवऱ्यानं दारातूनच विचारलं. "बाबा, भोकातूनही सुधारलं नाही?"

या धंद्यात बारकं पोरही जाणतं, की नंबराचा दोष असेल तर त्या भोकातून बघताना अक्षर सुधारतं. सुधारलं नाही, तर बिघाड भिंगाच्या मागे आहे. तिथे दुकानदाराचं काम संपतं.

"चार दिवसांपूर्वी हे भोक लावायला हवं होतं मी," सासरे हळू म्हणाले. "घरचं माणूस म्हणून सरळ नंबरच काढला."

मग त्यांनी खणातून एक जुना स्कोप काढला. हातात मावणारा, टॉर्चसारखा, वर नाण्याएवढं चाक असलेला. विक्रीच्या कामात तो लागत नसे. पण शिकताना त्यांनी गुरूच्या हाताखाली दोन वर्षं त्यातून डोळ्यांच्या आत बघितलं होतं. दुकानातला दिवा त्यांनी मालवला.

"समोरच्या खुंटीकडे बघत राहा. मी जवळ येणार आहे. अगदी जवळ. चालेल ना?"

"चालेल बाबा."

चार हातांचं अंतर क्षणात संपलं. त्यांचा गाल तिच्या गालापासून दोन बोटांवर आला. त्यांच्या शर्टाला काच पुसायच्या द्रावाचा वास होता. ते श्वास रोखून बघत होते, म्हणून तिनंही रोखला. प्रकाशाचा एक काटा बाहुलीतून आत शिरला. आणि मग तिला स्वतःलाच काहीतरी दिसलं, पानगळीतल्या झाडासारखं. काळ्या नाजूक फांद्या, त्यांना फाटे, फाट्यांना फाटे, सगळा पसारा तरंगता.

"बाबा, झाड दिसतंय."

"तुझ्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली आहे ती," ते कुजबुजले. "हलू नकोस."

ती हलली नाही. तीस वर्षं ती ज्या डोळ्यांनी जग बघत आली, त्यांच्या आतच हे झाड उभं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. एवढ्या भीतीतही ती थक्क झाली.

सासऱ्यांनी दोन्ही डोळे दोनदा बघितले. दिवा लावला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"रिक्षा बोलाव," ते मुलाला म्हणाले. "मोठ्या इस्पितळात. आत्ता."

"काय आहे बाबा?"

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक गोल असतो. मेंदूकडून आलेली नस तिथे डोळ्यात शिरते. त्याची कड चांदीच्या नाण्यासारखी रेखीव असते. हिचे दोन्ही गोल सुजलेत, कड हरवलीये. शिरा फुगल्यात." त्यांनी स्कोप खणात ठेवला. "डोळा चांगला आहे. दाब मागून येतोय. डोक्यातून."

त्यांच्याकडे लिहायला दुसरा कागद नव्हता. चष्म्याचा नंबर लिहायच्या पावतीवर त्यांनी दोन वर्तुळं काढली, कडा बोटानं पुसून धुरकट केल्या आणि खाली तारीख, वेळ घातली.

इस्पितळात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता, तीन दिवस न झोपल्यासारखा. ऐकून घेतलं, डोक्याचा साधा स्कॅन काढला. तासाभरानं तो हसत आला. "स्कॅन नॉर्मल आहे. रक्तस्राव नाही, गाठ नाही. बाळंतपण, जागरण, काळजी, डोकं दुखणारच. घरी जा, आडव्या पडून राहा."

आडव्या पडून राहा. तिला रडू फुटणार तेवढ्यात शेजारी खुर्ची सरकली. दोन वर्षांत कुणाशी आवाज चढवून न बोललेले सासरे उठून उभे राहिले होते.

"आडवं पडलं की वाढतं तिचं," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंत का?"

"काका, स्कॅन आम्ही बघितलाय."

"डोळ्यात बघितलंत?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी चष्मे विकतो." त्यांनी ती पावती पुढे केली. कागद त्यांनी मागे घेतला नाही. "चाळीस वर्षांत असे गोल मी एकदाच पाहिले होते. त्या माणसाला मी उद्या या म्हणून सांगितलं. तो उद्या आलाच नाही. आज मी इथून हलणार नाही. तुम्ही एकदा डोळ्यात बघा. मी चुकलो असेन तर तुमची माफी मागेन, इथल्या सगळ्यांसमोर."

स्ट्रेचरवरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या अस्तन्यांना काचेची भुकटी लागलेली होती.

तरुण डॉक्टरनं पावती निरखून पाहिली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं भिंतीवरचा स्कोप उचलला. बघितलं. पुन्हा बघितलं. आणि आत धावला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. आल्या आल्या प्रश्न. कान फुटला होता का? ताप? झटका? हातापायाला मुंग्या? बाळंतपणाआधी पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या? घरात कुणाला पायात रक्ताची गुठळी?

"माझ्या आईला," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी. पाय सुजून खांबासारखा झाला होता."

"आणि पाणी किती पिता तुम्ही?"

तिनं मान खाली घातली.

दुसरा स्कॅन वेगळा होता, शिरांमध्ये औषध सोडून काढलेला. तो बघायला बाईंनी सगळ्यांना पडद्यासमोर उभं केलं. हिला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, मांडीवर ढब्बू, सासूबाईंनी मागाहून इस्पितळात आणलेली, दूध पिऊन झोपलेली. पडद्यावर तिचं डोकं होतं, पण हाड नाही, मांस नाही. फक्त काळ्यावर पांढऱ्या शिरा, कवटीच्या आकारात लटकलेल्या.

"रक्त मेंदूत जातं कसं हे सगळे विचारतात," बाई म्हणाल्या. "परत कसं येतं हे कुणी विचारत नाही. हे बघा, सगळ्या लहान शिरा इथे वर येतात, या मोठ्या पाटाला मिळतात. तो असा मागे वळतो, मग डावीउजवीकडे फुटतो आणि मानेतून खाली हृदयाकडे. आता इथे बघा."

मागचा पाट मध्येच संपला होता. उजवीकडची सगळी वाट गायब होती, कुणी खोडरबरानं पुसल्यासारखी.

"इथे रक्त गोठलंय. आत येणारं येतंच आहे, बाहेर जायला जागा नाही. तो दाब डोळ्यांपर्यंत पोचला. आडवं झाल्यावर वाढायचं ते याच्यामुळेच."

"पण रक्त गोठलंच का?" नवऱ्यानं विचारलं. "पडली नाही, लागलं नाही."

बाई हिच्याकडे वळल्या. "बाळंत होताना बाईचं किती रक्त जातं, तुम्हाला कल्पना आहे? ते थांबावं म्हणून शरीर महिनोन्‌महिने आधीपासून तयारी करतं. रक्त गोठायला उत्सुक ठेवतं. बाळंतपणानंतरही काही आठवडे तसंच राहतं. ज्या गुणानं तुम्ही त्या टेबलावर वाचलात, तोच गुण इथे जरा जास्त झाला. त्यात आईकडून आलेलं काही असेल, ते तपासू. त्यात अंगात पाणी कमी. कारण एकच नसतं. आणि दोष तर कुणाचाच नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. महिनोन्‌महिने आधीपासून. ती दुपट्टी शिवत होती, नावांच्या याद्या करत होती, तेव्हा तिच्या रक्तातही कुणीतरी तिच्यासाठी तयारी करत बसलं होतं. घाबरायला हवं होतं आणि ती घाबरलीही होती, पण त्या भीतीच्याही वर काहीतरी चढत होतं ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता.

"मी वाचेन ना?" तिनं विचारलं.

"वेळेत आलात. बहुतेक जण बरे होतात. आजपासून पोटावर इंजेक्शनं, रक्त पातळ करायची. नंतर गोळ्या, काही महिने. दिसण्यावर आम्ही रोज लक्ष ठेवू. आणि ती हार्मोनची गर्भनिरोधक गोळी यापुढे तुमच्यासाठी नाही, हे जन्मभर लक्षात ठेवायचं."

"आणि हिचं दूध?"

"पाजा की. त्या इंजेक्शनानं बाळाला काही होत नाही."

इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे इथे वाहिले. मागून सासूबाई पुढे झाल्या, पदरानं तिचे गाल पुसले, मग त्याच पदरानं स्वतःचे. "मी सारखी आडवी हो म्हणत होते गं," त्या म्हणाल्या.

पहिले तीन दिवस कठीण गेले. एका दुपारी डावा हात अर्धा तास बधिर झाला आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. सासूबाई तासातासाला ग्लास पुढे करायच्या, घोट राहिला तर डोळे वटारायच्या. नवरा इंजेक्शन द्यायला शिकला. काचेवर केसाएवढी रेघ पाडणारा त्याचा हात पहिल्या दिवशी लटपटला, दुसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी कानातलं झाडणं थांबलं. आठव्या दिवशी भिंतीवरची दोन घड्याळं सरकत सरकत एक झाली. सासरे रोज यायचे, पायथ्याशी बसायचे, विचारायचे, "दुखतंय?" एवढंच. पण आता ते खुर्ची अगदी पलंगाला लावून बसत.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. पुन्हा तो अंधारा पडदा, पुन्हा सगळे उभे. डॉक्टरीणबाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी लावलं. मागचा पाट भरून आला होता. उजवीकडची वाट मात्र अर्धीच उघडली होती, पुढे अजून अंधार. तिचा चेहरा पडला.

"तिथे नका बघू," बाई म्हणाल्या. "इथे बघा."

बंद वाटेच्या अलीकडून केसासारख्या बारीक रेघा निघाल्या होत्या. एक कानामागून वळली होती, दुसरी कवटीच्या तळाशी शिरली होती, तिसरी पार उलट्या दिशेनं जाऊन डाव्या बाजूला मिळाली होती. पाच, सहा, सात. आधीच्या चित्रात त्या नव्हत्या, किंवा दिसण्याइतक्या नव्हत्या.

"मोठा रस्ता बंद झाला तेव्हा रक्तानं या वाटा पकडल्या. पायवाटा होत्या त्या, रुंद झाल्या. आता एवढ्या पुरतात. डोळ्यांवरचा दाब गेलाय."

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याला नाक लावलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही?"

"नाही. औषधानं गुठळी वाढू दिली नाही, एवढंच आमचं. या वाटा तिच्या तिनंच काढल्या."

"मला तर काही माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "मी काहीच केलं नाही. मी झोपले होते."

"झोपेतच झालं असेल," बाई हसल्या.

खांद्यावरची ढब्बू कुरकुरली, हातपाय ताणून पुन्हा निजली. ती पडद्यावरच्या रेघा बोटानं मोजू लागली, सात, आठ, नऊ, पुढे त्या इतक्या बारीक झाल्या की कुठली रेघ आणि कुठला अंधार ते कळेना. तिनं मोजणं सोडून दिलं आणि नुसती बघत राहिली.